एक नोंद, दोन वह्या

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे पावणेबारा वाजून गेले होते आणि वसईत पाऊस असा कोसळत होता की, आमच्या गल्लीत रस्ता कोणता आणि गटार कोणते हे एका रिक्षावाल्यालाच ठाऊक. माझ्या खांद्याला टेकून आई बसली होती. तिला धाप लागली होती. तशी ती पावसाळ्यात एकदा लागतेच. पण त्या रात्री तिच्या ओठांचा रंग मला बरा दिसेना. इस्पितळात पोचताच परिचारिकेने तिला चाकांच्या खुर्चीत बसवले आणि मला पैसे भरायच्या खिडकीकडे पिटाळले. खिडकीतला तरुण कारकून म्हणाला, "सर, अनामत पंचवीस हजार."

मी फोन काढला, भिंतीवरच्या त्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर धरला, आकडा घातला, गुप्त अंक दाबले. पडद्यावर एक चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. मग बँकेचा संदेश आला : आपल्या खात्यातून २५,००० रुपये वजा झाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कारकुनाकडे पाहिले.

"सर, आमच्याकडे नाही आले."

"अहो, हे पाहा, वजा झालेत."

"सर, तुम्हीही पाहा. जमा नाहीत."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. खरेच, नव्हते. माझी बँक खोटे बोलत नव्हती आणि त्याचा पडदाही खोटे बोलत नव्हता. माझ्या वहीत पैसे गेले होते. त्याच्या वहीत ते आले नव्हते. मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. 'गेले' आणि 'आले' या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत माणूस असा अडकू शकतो, हे व्याकरणात कुठे शिकवलेले मला आठवेना. पुन्हा भरावेत, तर महिनाअखेर. खात्यात उरले होते अकरा हजार.

त्या मुलाने काय केले, ते आधी सांगतो. त्याने कोणाला तरी फोन लावला, तो लागला नाही. मग क्षणभर माझ्याकडे आणि क्षणभर आईकडे पाहून त्याने खणातून एक साधी आखीव वही काढली, तीत माझे नाव, रक्कम आणि पुढे 'येणे' असे लिहिले, माझी सही घेतली आणि म्हणाला, "आधी आजींना वर न्या." पंधरा मिनिटांत आईच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली.

एकच्या सुमारास माझा भाचा ऐरोलीहून भिजत आला. तो तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. डेटा सेंटर म्हणजे बिनखिडक्यांची एक थंडगार इमारत आणि तिच्यात पुस्तकाच्या फडताळांसारखी उभी केलेली हजारो संगणकांची कपाटे, एवढीच माझी त्याबद्दलची कल्पना. आईला झोप लागल्यावर आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. घरी आमची सौ. फोन उशाशी घेऊन जागीच होती. तिला निरोप गेला. मग मी भाच्याला जवळजवळ दरडावूनच विचारले, "अरे, तुमच्या त्या थंड खोल्यांत माझे पंचवीस हजार आहेत कुठे?"

त्याने उत्तर द्यायला पहाट केली. ते मला जसे समजले, तसे इथे मांडतो आहे.

"मामा, तुमच्या खात्याची एकच वही असती," तो म्हणाला, "तर ती केव्हाच वाहून गेली असती." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. २०१८ च्या जुलैत आमच्याकडे नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या, हे वसई-विरारकरांना वेगळे सांगायला नको. ज्या इमारतीत लाखो लोकांचा हिशेब आहे, तिथे पाणी शिरले, आग लागली, नुसती वीज गेली, तरी काय व्हावे? म्हणून त्या हिशेबाची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवतात, आणि आणखी एक शेकडो कोसांवर, दुसऱ्याच शहरात. आपल्या आज्या दागिन्यांची एक पुरचुंडी कपाटात आणि एक तांदळाच्या डब्यात ठेवत, त्यातलेच हे शहाणपण.

पण दागिना आणि नोंद यांत एक फरक आहे. दागिना बदलत नाही. नोंद दर क्षणाला बदलते. आणि दोन प्रती झाल्या की त्या दोन्हींनी एकच बोलायला हवे, ही नवी कटकट मागे लागते. दोन बँकांच्या दोन वह्या घ्या, नाही तर एकाच बँकेच्या दोन गावांतल्या दोन प्रती घ्या, दुखणे एकच. इथे लिहिलेले तिथे पोचले का, हे इथे बसून कळायचे कसे?

"निरोप पाठवायचा, की उलट निरोप येतो," मी म्हटले.

"आणि नाही आला तर?"

इथे त्याने मला वसईच्याच खाडीत उतरवले. समजा, दोन सरदार आहेत. एकाची छावणी खाडीच्या अलीकडे वसईला, दुसऱ्याची पलीकडे घोडबंदरला. हल्ला दोघांनी एकाच पहाटे करायचा. एकटा गेला तर मेला. वसईकराने होडीतून जासूद धाडला : 'उद्या पहाटे.' जासूद परत आला नाही. आता वसईकराने काय समजावे? जासूद जाताना बुडाला असेल, तर घोडबंदरकराला काहीच ठाऊक नाही. तो येताना बुडाला असेल, तर घोडबंदरकर तयारीत आहे. दोन्ही वेळी वसईच्या किनाऱ्यावरून दिसते ते एकच : रिकामी खाडी. बरे, उत्तर आलेच, तरी ते पोचले की नाही हे घोडबंदरकराला कसे कळणार? त्यासाठी तिसरा जासूद. त्याची पोच द्यायला चौथा. हा घोळ कधीच संपत नाही. कितीही जासूद खर्ची घातले तरी खात्री होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे म्हणे.

माझ्या पंचवीस हजारांचे हेच झाले होते. माझ्या बँकेने वजा केले, 'जमा करा' असा निरोप धाडला आणि ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. निरोप बुडाला की उत्तर बुडाले, ते कळेना. पैसे मला लगेच परत द्यावेत, तर कदाचित तिकडे जमा झालेले असायचे. मग तेच पैसे दोघांकडे! पुन्हा जमा करा म्हणावे, तर कदाचित दोनदा जमा व्हायचे. म्हणून बँकेने तिसरी गोष्ट केली. ती गप्प बसली. 'व्यवहार प्रलंबित' हे तिचे शब्द मला त्या रात्री उर्मट वाटले होते. भाचा म्हणाला, "मामा, त्या संदेशातले तेवढेच वाक्य पूर्ण खरे होते."

मी म्हटले, "पण मग रेल्वेला कसे जमते? मी वसई रोडला उभा राहून कुठल्याही गाडीचे तिकीट काढतो. तोच बर्थ त्याच घटकेला कोलकात्याला दुसऱ्या कोणाला का मिळत नाही?"

हा प्रश्न मी सहज विचारला. पण सगळ्या प्रकरणाची मेख नेमकी इथेच निघाली. संगणक येण्यापूर्वीचे रेल्वे आरक्षण आमच्या पिढीने लहानपणी पाहिले आहे. मोठ्या जाडजूड नोंदवह्या, त्यांत गाडीवार, तारीखवार पाने, आणि खिडकीपुढे पहाटेपासून रांग. गाडीची वही सुटण्याच्या ठिकाणी असे. मग मधल्या स्टेशनातल्या माणसाने काय करावे? त्यासाठी रेल्वेने एक साधी युक्ती काढली होती, आणि तिचे नाव घराघरांत ठाऊक आहे : कोटा. अमक्या गाडीतले इतके बर्थ अमक्या स्टेशनाचे. त्या स्टेशनाने ते कोणालाही न विचारता विकावेत. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल तर तिकडच्या स्टेशनाला तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची.

कोट्याकडे आपण वशिल्याचे प्रकरण म्हणून पाहत आलो. वास्तविक तो दूरच्या माणसाला न विचारता काम भागवण्याचा एक अत्यंत चतुर मार्ग होता. एकच बर्थ दोघांना जाण्याची भीतीच नाही, कारण माझे बर्थ तुझ्या वहीत मुळी लिहिलेलेच नाहीत. किंमत दुसरीकडे मोजावी लागे. एका स्टेशनाचा कोटा रिकामा जाई आणि दुसऱ्या स्टेशनावर प्रतीक्षायादी फलाटाबाहेर जाई. गाडीत बर्थ मोकळा आणि आपण पेटीवर बसून थेट मुक्कामापर्यंत! ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना ही गोष्ट डोक्यापेक्षा पाठीनेच अधिक समजेल.

१९८५ मध्ये दिल्लीला संगणकावर आरक्षण देण्याचा पहिला प्रयोग झाला. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद इथे ती यंत्रे बसली. पण ही पाच बेटे होती. प्रत्येक बेट आपापल्या गाड्यांचे राजे. १९९९ मध्ये 'कॉन्सर्ट' नावाच्या प्रणालीने ती पाचही जोडली आणि देशातल्या कुठल्याही संगणकीकृत खिडकीवरून कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. यातली खुबी अशी की, पाचही ठिकाणी सगळ्या गाड्यांच्या वह्या उघडल्या नाहीत. प्रत्येक गाडीची मूळ वही एकाच ठिकाणी राहिली. बर्थ द्यायचा अधिकार तिचा. हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट वसईकराने मागितले, तर खिडकीतला बाबू स्वतः काही ठरवत नाही. प्रश्न त्या गाडीच्या घरी जातो, तिथे दोन गिऱ्हाइके एकाच बर्थासाठी आली असतील तर एकामागे एक उभी केली जातात, आणि उत्तर परत येते. रांग मोडलेली नाही. ती फक्त आपल्याला दिसत नाही. सकाळी दहाला 'तत्काळ'साठी जीव मुठीत धरून फोनवर बोट ठेवणारे आपण सारे त्या अदृश्य रांगेतच असतो.

म्हणजे पहिला नियम माझ्या ध्यानात आला : प्रती कितीही असोत, लिहिण्याचा हक्क एकाच वहीला द्यावा. बाकीच्या प्रतींनी तिचे पाहून उतरवून घ्यावे.

"ठीक," भाचा म्हणाला, "पण उतरवून केव्हा घ्यावे? मूळ वहीने 'लिहिले' असे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी की नंतर?"

या 'आधी' आणि 'नंतर' यांत म्हणे त्याच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची झोप उडालेली असते. समजा, मूळ वहीने लिहिले, गिऱ्हाइकाला 'झाले' म्हणून सांगितले आणि मग सवडीने प्रत पाठवली. काम चटकन होते. पण त्या सवडीच्या अवधीत मूळ वही जळाली तर? गिऱ्हाइकाला दिलेला शब्द कुठेच लिहिलेला नाही. उलट, दोन्हीकडे लिहून झाल्यावरच 'झाले' म्हणायचे ठरवले, तर शब्द पक्का. पण प्रत्येक नोंदीला दूरच्या उत्तरासाठी थांबणे आले. आणि मधली तार तुटली तर थांबणे म्हणजे खोळंबणेच.

थांबणे किती, याचाही हिशेब त्याने बाकावर बोटाने आकडे काढून दाखवला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन हजार. म्हणजे सेकंदाचा शंभरावा हिस्सा. याहून लवकर उत्तर आणणे परमेश्वराच्याच हाती, आणि त्यानेही प्रकाशाचा वेग ठरवून टाकलेला. तुम्हाआम्हाला शंभरावा हिस्सा म्हणजे काहीच नाही; पापणी लवायलाही त्याहून अधिक लागतो. पण जिथे सेकंदाला हजारो सौदे पडतात त्या शेअरबाजारात प्रत्येक सौदा चेन्नईच्या उत्तरासाठी थांबवणे शक्य नाही. म्हणून तिथे दुहेरी व्यवस्था असते : एक प्रत मुंबईच्या परिसरातच, तिच्याशी बरोबरीने लिहायचे, आणि एक दूर, जिला मागाहून कळवायचे. जवळची प्रत नोंद हरवू देत नाही, पण भूकंप झाला तर दोन्ही एकदमच जायच्या. दूरची प्रत भूकंपातून वाचते, पण ती नेहमी एक पाऊल मागे असते.

आता पुढची हकिगत वाचकांपैकी ज्यांचे थोडेफार शेअर आहेत त्यांना आठवत असेल. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंज बंद पडले. चार मिनिटे नव्हे, चार तास. दलाल मंडळी फोन आपटत होती. काहींनी आपले सौदे मुंबई शेअरबाजारावर, म्हणजे बीएसईवर, जाऊन कसेबसे उलटवले. बाजार मिटायची नेहमीची वेळ साडेतीन. त्या दिवशी तो पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालला.

कारण काय, हे एक्स्चेंजने पुढे जाहीर केले. मूळ जागा आणि जवळची प्रत यांना जोडणाऱ्या तारा एकाच कंपनीच्या नव्हत्या. मुद्दाम दोन कंपन्यांच्या घेतल्या होत्या, की एक तुटली तर दुसरी आहे. पण त्या वाटेवर रस्त्याचे खोदकाम आणि बांधकाम चालू होते, आणि दोन्ही डळमळल्या. कुदळ कंपनी विचारून पडत नाही. आता मुंबईतल्या खोदकामांविषयी मी काय लिहावे! ती आमची बारमाही ऋतुसंपदा आहे.

तरीही बाजार बंद पडायला नको होता, आणि गोष्टीतली खरी कळ तीच. तारा तुटल्या, तर मूळ वहीने प्रतीची वाट पाहणे सोडून एकटीने पुढे जावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात, नोंदी साठवणाऱ्या यंत्रणेत हा फाटा फुटायचा नियम एक्स्चेंजने सांगितल्याप्रमाणे बसवलेलाच नव्हता. तार गेली आणि मूळ यंत्रणा प्रतीवाचून अडून बसली. तिच्यावर सौद्यांची जोखीम तपासणारी व्यवस्था चालत होती. ती थांबली म्हणून बाजार थांबवावा लागला. दुरून पाहणाऱ्याला वाटेल, यंत्र बिघडले. पण यंत्राने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते. जोडीदाराचा आवाज येईनासा झाला तर थांबायचे की एकट्याने चालू लागायचे? त्याने थांबायचे ठरवले. माणसांनी त्याला दुसरे सांगितले होते.

मग चेन्नईची दूरची प्रत का चालवली नाही, असे लोकांनी विचारले, आणि सेबीनेही विचारले. पुढच्याच महिन्यात, २२ मार्च २०२१ ला, सेबीने नवे नियम काढले : असा प्रसंग आला तर आपत्ती जाहीर करावी आणि पाऊण तासात दूरच्या जागेवरून काम सुरू करावे. त्याच परिपत्रकात आणखी एक आकडा आहे. तो वाचून मी थबकलो. दूरच्या प्रतीवर जाताना शेवटच्या जास्तीत जास्त पंधरा मिनिटांच्या नोंदी गमावणे चालेल, अशी मर्यादा त्यात घातली आहे. किती हरवले तर चालेल, हे सरकारी कागदावर इतक्या सरळपणे लिहिलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

रात्रीचे तीन वाजले असतील. कँटीन बंद होते. भाच्याने कुठून तरी दोन कप चहा पैदा केला. मी म्हटले, "दोघांत वाद झाला तर तिसऱ्याला बोलवावे, ही आपली जुनी रीत. तुमच्यात नाही का?"

आहे, आणि मोठी देखणी आहे. समजा, वसई, नालासोपारा, विरार, पालघर आणि डहाणू अशा पाच ठिकाणी पाच प्रती आहेत. नियम असा की पाचांपैकी कोणत्याही तिघांनी 'उतरवून घेतले' म्हटले की नोंद पक्की. पाचांची वाट पाहायची नाही. आणि वाचणाऱ्यानेही कोणत्याही तिघांना विचारावे. आता लिहिताना वसई, नालासोपारा, विरार होते आणि विचारताना विरार, पालघर, डहाणू निघाले, तरी विरार दोन्हींत आलाच. पाचांतून तिघे आणि पुन्हा तिघे निवडले की एक तरी गडी समान निघतो. त्याला नवी नोंद ठाऊक असते. उद्या वैतरणेच्या पुलाशी तार तुटली, तर अलीकडचे तिघे काम चालू ठेवतात आणि पलीकडचे दोघे मुकाट थांबतात, कारण आपण तीन भरत नाही हे त्यांना मोजता येते. दोन्ही तीरांवर दोन राजे होत नाहीत. अडचण इतकीच की पाच जागांचे भाडे भरावे लागते.

या बहुमताची काटेकोर रीत ज्यांनी बसवली त्यांत अमेरिकेतले लेस्ली लॅम्पोर्ट हे मोठे नाव. या गृहस्थांनी १९९० मध्ये आपला शोधनिबंध लिहिला तो एका ग्रीक बेटावरच्या प्राचीन विधिमंडळाची कथा म्हणून. त्या बेटाचे सभासद अर्धवेळ. मनाला येईल तेव्हा सभागृहात येत, मध्येच उठून जात, निरोप्ये निरोप विसरत. आणि तरीही प्रत्येकाच्या खातेवहीत कायदे सारखेच उतरत. संपादकांना ही थट्टा रुचली नाही, आणि निबंध छापून यायला १९९८ उजाडले. पुढे २०१३ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. आमच्या प्राध्यापकसभांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मला हे बेट अजिबात काल्पनिक वाटले नाही.

"पण सगळ्यांनाच इतका काटेकोरपणा हवा असतो असे नाही," भाचा म्हणाला. अमेझॉनच्या लोकांनी २००७ मध्ये आपल्या दुकानाची रीत प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाने टोपलीत वस्तू टाकली की काहीही झाले तरी ती घ्यायची. तारा तुटोत, प्रती भांडोत, 'थांबा' म्हणायचे नाही. प्रतींत फरक पडला तर मागाहून दोन्ही टोपल्या एकत्र करायच्या. परिणामी कधी कधी काढून टाकलेली वस्तू टोपलीत पुन्हा प्रकट होते. दुकानदाराला चालते, फार तर गिऱ्हाईक ती पुन्हा काढील. बँकेला हे चालेल का?

हे ऐकताना मला माझा विषय आठवला. आधी पसरू द्यावे, मग जुळवावे, हीच तर आपल्या पोथ्यांची कथा! ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्या नकला घरोघर, मठोमठ झाल्या. कोणाला विचारून नव्हे. प्रत्येक नकलकाराने कुठे शब्द सोडला, कुठे आपली ओवी घुसडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. जवळजवळ तीनशे वर्षे प्रतींनी आपापले बोलून घेतले होते. महाभारताचे तर विचारूच नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेत चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ला सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून आयुष्याची अठरा वर्षे, १९४३ मध्ये निधन होईपर्यंत, त्यात घातली. आणि शेवटचा खंड निघाला १९६६ ला. उत्तरेच्या पोथ्या आणि दक्षिणेच्या पोथ्या यांचे एकमत घडवायला सत्तेचाळीस वर्षे! पण हेही खरे की, एकाच अधिकृत वहीची वाट पाहत बसलो असतो तर पोथी गावोगाव पोचलीच नसती.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. तुटलेली प्रत पुन्हा जोडली गेली की ती मागचे कसे भरून काढते, असे मी विचारले. भाचा म्हणाला, संगणकही आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. जे घडले ते ओळीने, क्रमाने, आधी टिपून ठेवायचे. खात्यातली शिल्लक नंतर बदलायची. खतावणी बुडाली तरी रोजकीर्द पहिल्या ओळीपासून वाचत गेले की ती पुन्हा उभी राहते, आणि मागे पडलेल्या प्रतीला 'तू अमक्या ओळीपर्यंत होतीस, पुढच्या या घे' एवढेच सांगावे लागते. मला तर सातबाराच आठवला. जमीन विकली, वारस लागले, की आपण ज्याला तलाठी म्हणत आलो तो आधी गावनमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद घालतो; संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढते. जुना फेरफार कोणी फाडत नाही. म्हणून आजोबांच्या आजोबांचे नाव आजही सापडते.

उजाडले. आईचा श्वास सुधारला होता. मी पुन्हा खिडकीशी गेलो, तेव्हा रात्रपाळीचा कारकून घरी निघत होता. त्याच्या पडद्यावर अजून माझे पैसे नव्हते. शेजारच्या काकांनी सकाळीच रोख रक्कम आणून दिली. ती मी भरली आणि त्याने आखीव वहीतल्या 'येणे'पुढे 'मिळाले' असे लिहून तारीख घातली. मी त्याला म्हटले, "काल तुम्ही मला थांबवले असते तर?" तो संकोचून म्हणाला, "नियमाप्रमाणे थांबवायलाच हवे होते, सर."

मी भाच्याकडे पाहिले. बँकेने थांबून बरोबर केले होते. दोनदा गेलेला पैसा शेवटी कोणाच्या तरी खिशातून जातो. आणि या मुलाने न थांबून बरोबर केले होते. पंचवीस हजार पुढे सावकाश जुळवता येतात. नियमाच्या पुस्तकात ही दोन उत्तरे एका पानावर बसली नसती, आणि त्या खिडकीत त्या रात्री यंत्र बसवलेले असते तर त्याला कोणते उत्तर शिकवून ठेवले असते, या विचाराने मला अजूनही मध्यरात्री जाग येते.

बँकेच्या गप्प बसण्यालाही मुदत आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला नियम केला : फोनवरून अशा ठिकाणी पैसे देताना आपल्या खात्यातून वजा झाले आणि समोरच्याला पोच मिळाली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत; त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाच्या खात्यात जाताना अडकले, तर मुदत एकाच दिवसाची. तोवर दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहतात आणि कोणती नोंद खरी ते ठरवतात. हे ठाऊक असेल तर माणूस खिडकीशी भांडत नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे धाडत नाही.

माझे पैसे चौथ्या दिवशी परत आले. काकांचे त्याच संध्याकाळी फेडले. त्या सुमारास आई घरी आली होती, उशीला टेकून बसत होती, आणि चहात साखर कमी पडल्याची तक्रार करण्याइतकी बरी झाली होती. वडील असल्यापासून घरखर्चाची एक वही ती लिहीत आली आहे. इस्पितळातूनही तिने मला बजावले होते की लिहून ठेव. त्याप्रमाणे मी 'अनामत २५,०००' असे लिहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'अनामत २५,०००'. पैसे परत आल्याचे तिला सांगितले, सारी हकिगत जमेल तेवढी समजावली आणि पेन घेऊन पहिली ओळ खोडायला गेलो.

तिने माझा हात धरला.

"खोडतोस कशाला? खाली जमेला लिही. आणि तारीख घाल."